टीव्हीवरचा मेनू रेंगाळतोय म्हणून कंट्रोलर बदलताय? आधी हे क्रमाने करा

गेल्या दोन वर्षांत नातेवाईक, सोसायटीतले लोक, ऑफिसमधले असे धरून सात-आठ जणांनी मला एकच प्रश्न विचारलाय, की होम ऑटोमेशनचा मेनू टीव्हीवर उघडायला वेळ लागतो, यादी खाली-वर करताना अडकते, तर नवीन कंट्रोलर, म्हणजे घरातले दिवे-टीव्ही सगळं एकत्र चालवणारा डबा, घेऊ का. यातल्या निम्म्यांनी विचारायच्या आधीच घेऊन टाकला होता आणि माझ्याकडून फक्त "बरं केलंस" एवढं ऐकायचं होतं त्यांना. त्यांना हसणारा मी कोण, मीही तेच केलंय. मेन कंट्रोलर बदलला, चांगले पैसे गेले, संध्याकाळी बेडरूममध्ये जाऊन रिमोट दाबला तर मेनू तसाच, आधीसारखाच जांभया देत उघडतोय. कारण बेडरूमच्या टीव्हीवरचं चित्र बेडरूममधलाच जुना डबा काढत होता, मेन कंट्रोलरचा त्याच्याशी फारसा संबंधच नव्हता. इन्स्टॉलरने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

सगळे चुकतात ते क्रमात. खरेदी आधी आणि तपासणी नंतर.

## सुरू करण्याआधी: चित्र कोण काढतंय ते शोधा

हे एक कळलं की अर्धं काम झालं. तुम्ही बटण दाबता तेव्हा दोन वेगळी कामं होतात. एक म्हणजे डोकं चालवणं, कुठला लाइट कुठल्या सीनमध्ये, कुठल्या खोलीत काय चालू आहे, हे मेन कंट्रोलर बघतो. दुसरं म्हणजे स्क्रीनवर चित्र काढणं, आयकॉन, याद्या, सिनेमांची पोस्टरं, आणि हे काम बऱ्याचदा दुसराच कोणी करत असतो.

कंट्रोल-फोरसारख्या डीलरने बसवलेल्या सिस्टीममध्ये ज्या कंट्रोलरची एचडीएमआय वायर त्या टीव्हीला गेली आहे तोच त्या टीव्हीवरचा मेनू काढतो. म्हणजे हॉलमध्ये नवा कोर सिरीजचा कंट्रोलर मेन म्हणून बसवला आणि बेडरूमच्या टीव्हीमागे जुना एचसी-२५० तसाच राहिला, तर बेडरूमचा मेनू एचसी-२५० च्याच वेगाने चालणार. ईए सिरीज २०१६ ची, कोर सिरीज २०२१ ची, एचसी त्याही आधीची, एवढं लक्षात ठेवलं तरी घरातला सगळ्यात म्हातारा डबा कुठे बसलाय ते कळतं.

होम असिस्टंटवाल्यांसाठी, म्हणजे ते मोफत सॉफ्टवेअर आपल्याच कॉम्प्युटरवर चालवणाऱ्यांसाठी, तर हे अजूनच उलटं आहे. तिथे डॅशबोर्ड, म्हणजे बटणांचं पान, काढतो तुमचा ब्राउझर. भिंतीवर पाच-सहा वर्षांपूर्वीचा स्वस्तातला टॅबलेट चिकटवलाय आणि तो अडकतोय म्हणून लोक ते सॉफ्टवेअर चालवणारा रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर बदलून मिनी पीसी आणतात, आणि मग टॅबलेट पूर्वीसारखाच अडकतो, कारण दमलाय तो टॅबलेट.

तपासा: एका कागदावर घरातल्या प्रत्येक स्क्रीनपुढे लिहा, याचं चित्र कोण काढतो. टीव्हीमागे हात घालून वायर कुठे जाते ते बघायचं, अंदाजाने नाही. हा कागद पुढे प्रत्येक पायरीला लागणार आहे.

## पायरी १: "स्लो" म्हणजे किती, ते मोजा

"खूप स्लो" हे माप नाही. बाणेरला माझी आत्या राहते, तिच्याकडे गेलो तेव्हा ती म्हणाली, "अरे बटण दाबते, गॅसवर चहा ठेवून येते, तोवर मेनू येतो." मी म्हटलं, "आत्या, दाब आता, बघू." मोजलं तर दीड सेकंद. दीड सेकंद वाईटच आहे पण चहाएवढा नाही, आणि मुख्य म्हणजे आकडा मिळाल्याशिवाय बदलाने फरक पडला की आपल्याला वाटतंय ते कळत नाही. पैसे खर्च केलेल्या माणसाला फरक वाटतोच.

मोजायचं कसं: मोबाइल उभा धरून असा व्हिडिओ काढा की रिमोटवरचा अंगठा आणि टीव्ही दोन्ही दिसतील. मग एकेक फ्रेम पुढे सरकवत अंगठा दाबला त्या फ्रेमपासून स्क्रीन हलली त्या फ्रेमपर्यंत मोजा. साधा व्हिडिओ सेकंदाला ६० फ्रेमचा असेल तर ३० फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद, ९० फ्रेम म्हणजे दीड सेकंद. मोबाइलवर ३० फ्रेमचं सेटिंग असेल तर ते आधी ६० करा नाहीतर सगळे हिशोब दुप्पट चुकतील, मी एकदा चुकवलेत.

या चार गोष्टी मोजायच्या, प्रत्येकी पाच वेळा:

- टीव्ही आधीच चालू असताना मेनूचं बटण दाबल्यापासून मेनू दिसेपर्यंत
- मेनूत एक घर खाली जायला
- सिनेमांची किंवा गाण्यांची मोठी यादी उघडायला
- मेनूतून लाइट लावला तर प्रत्यक्ष दिवा लागायला

पाच वेळा अशासाठी की पहिली वेळ नेहमी फसवी असते. तिचा आकडा वेगळा लिहा, सरासरीत मिसळू नका, पुढे त्याचाच उपयोग आहे.

साधारण अंदाज असा की ०.१ सेकंदापर्यंत माणसाला "लगेच झालं" वाटतं आणि १ सेकंदापर्यंत उशीर जाणवतो पण विचाराची तार तुटत नाही, त्यापुढे माणूस बटण परत दाबतो. आणि परत दाबलं की दोन घरं पुढे जातो, मग मागे येतो, मग चिडतो. बरेचदा "मेनू वेडा झालाय" ही तक्रार म्हणजे प्रत्यक्षात उशीर आणि वर आपणच दाबलेली तीन बटणं असते.

थांबा: टीव्ही बंद असताना चालू करून चित्र यायला जे तीन-चार-पाच सेकंद जातात ते यात धरू नका. टीव्ही आणि रिसिव्हर (स्पीकर चालवणारा डबा) एचडीएमआयवर एकमेकांची ओळख पटवून घेतात त्यातच बराचसा वेळ जातो, तो कंट्रोलर बदलून सहसा वाचत नाही.

## पायरी २: दोषी कोण ते पकडा

इथे घाई करू नका, या पायरीत सगळ्यात जास्त पैसे वाचतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परत मोजायचं.

अ) रिमोट की बाकीचं? त्याच टीव्हीवरचा तोच मेनू मोबाइल अ‍ॅपमधल्या बाणांनी हलवून बघा. अ‍ॅपने भराभर हलतो आणि रिमोटने अडकतो, तर डबा ठीक आहे, रिमोटचा निरोप उशिरा पोचतोय. सेल बदला, मग झिगबीकडे, म्हणजे रिमोट आणि स्विच ज्यावरून निरोप पाठवतात त्या वायरलेस जाळ्याकडे बघा, ते पुढे सांगतो.

आ) एकच खोली की सगळं घर? अ‍ॅपमधला मेनू झटपट पण टीव्हीवरचा स्लो, तोही एकाच खोलीत, तर त्या खोलीतला चित्र काढणारा डबा किंवा तो टीव्ही. सगळ्या खोल्यांत आणि अ‍ॅपमध्येही स्लो, तर मेन कंट्रोलर किंवा नेटवर्क.

इ) पहिल्यांदाच स्लो की दरवेळी? सिनेमांची यादी पहिल्यांदा उघडायला आठ-दहा सेकंद आणि लगेच परत उघडली तर पटकन, असं असेल तर बहुतेक नासमधली, म्हणजे सिनेमे साठवायच्या नेटवर्कवरच्या डब्यातली, हार्ड डिस्क झोपली होती, ती फिरायला लागेपर्यंत सगळे थांबले. डिस्क झोपायची वेळ वाढवा, काम झालं.

ई) रीस्टार्ट केल्यावर? कंट्रोलर बंद करून चालू केला की दोन दिवस पळतो आणि मग हळूहळू मंदावतो, हे लक्षण डबा म्हातारा झाल्याचं नाही, आत काहीतरी मेमरी खात बसलंय त्याचं आहे, बहुतेक एखादा बाहेरून घातलेला ड्रायव्हर, म्हणजे एखादं उपकरण सिस्टीमला जोडणारा छोटा प्रोग्रॅम. नव्या डब्यातही तोच ड्रायव्हर जाणार, फक्त तो भरायला दोन दिवसांऐवजी दोन आठवडे लागतील.

उ) होम असिस्टंट: जो डॅशबोर्ड टॅबलेटवर अडकतो तोच लॅपटॉपवर उघडा. लॅपटॉपवर सुसाट असेल तर सर्व्हरला हात लावू नका.

तपासा: आता कागदावर एका नावापुढे खूण झाली पाहिजे. दोन नावांपुढे झाली असेल तर परत करा.

## पायरी ३: फुकटातले आणि शंभर-दोनशेतले उपाय

क्रम असा: टीव्ही, वायर, वाय-फाय आणि झिगबी, उष्णता, आणि शेवटी सॉफ्टवेअर.

टीव्ही. चित्र गुळगुळीत करणारं जे मोशनवालं सेटिंग असतं ते बंद करा आणि त्या एचडीएमआय पोर्टला गेम मोड लावून बघा. टीव्ही प्रत्येक चित्रावर प्रक्रिया करत बसतो त्यात उशीर होतो, गेम मोडमध्ये ती बरीचशी टाळली जाते. आत्याकडच्या दीड सेकंदातला थोडाच भाग याने गेला, पण खाली-वर करतानाचा चिकटपणा लगेच कमी झाला आणि काका म्हणाले, "एवढंच होतं होय?" एवढंच नव्हतं, पण त्यांना तेवढ्यावर समाधान होतं. मध्ये रिसिव्हर असेल तर पाच मिनिटं त्याला बाजूला काढून डबा थेट टीव्हीला जोडून मोजा.

वायर. कंट्रोलर वाय-फायवर असेल आणि लॅनची वायर पोचवता येत असेल तर बाकी सगळं सोडा, आधी ते करा. वायर आहे पण नेटवर्क स्विचवरचा दिवा गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटचा रंग दाखवतोय, तर बरेचदा कनेक्टर नीट क्रिम्प झालेला नसतो, कारण गिगाबिटला चारही जोड्या लागतात आणि १०० ला दोन पुरतात. मेनूच्या कामाला १०० चा वेग भरपूर आहे हो, पण अर्धवट बसलेला कनेक्टर मध्येच पाकिटं, म्हणजे डेटाचे तुकडे, गाळतो आणि ते मात्र जाणवतं. मोबाइलवर पिंग करणारं, म्हणजे हाक मारून उत्तर येतंय का ते बघणारं, कुठलंही अ‍ॅप घ्या, कंट्रोलरचा पत्ता टाका आणि शंभर पिंग मारा. फोन स्वतः वाय-फायवर असल्यामुळे आकडा थोडा वरखाली होणार, म्हणून राउटरलाही शंभर मारून तुलना करा. राउटरचे शंभर परत आले आणि कंट्रोलरचे पाच हरवले, तर ती वायर बदला. कनेक्टर, पॅच कॉर्ड, बुधवार पेठेत तपकीर गल्लीत ढिगाने मिळतं, फक्त गाडी घेऊन जाऊ नका.

वाय-फाय आणि झिगबी. पुण्यातल्या नव्या टॉवरमध्ये, वाकड घ्या, खराडी घ्या, बिल्डर दारामागे एक लोखंडी पेटी देतो आणि फायबरवाला राउटर त्यातच कोंबून जातो. लोखंडी पेटीत वाय-फाय ठेवायचं आणि मग सिग्नल नाही म्हणायचं. राउटर बाहेर काढा.

झिगबी आणि जुनं वाय-फाय दोघंही २.४ गिगाहर्ट्झमध्येच राहतात. वाय-फाय चॅनल १, ६, ११ यांपैकी एकावर कायमचा बसवा, ऑटोवर सोडू नका, कारण ऑटोवर तो कधीही उठून झिगबीच्या डोक्यावर जाऊन बसतो. झिगबीचे चॅनल ११ ते २६ असतात. त्यातला १५ हा वाय-फायच्या १ आणि ६ च्या मधल्या फटीत येतो, २० हा ६ आणि ११ च्या मधल्या फटीत, आणि २५ हा वाय-फायच्या ११ च्याही पुढे. चालू घराचा झिगबी चॅनल बदलणं म्हणजे मात्र उपकरणं परत जोडायची वेळ येऊ शकते, त्यामुळे आधी वाय-फाय हलवा, झिगबी नाही.

यूएसबी झिगबी स्टिक थेट यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टात खुपसली असेल तर अर्धा-एक मीटरची एक्स्टेंशन वायर लावून ती लांब न्या. यूएसबी ३ स्वतःच २.४ गिगाहर्ट्झमध्ये गोंगाट करतो. शंभर-दोनशे रुपयांत रिमोट सुधारलेली दोन घरं मी बघितली आहेत.

आणि हो, आमच्याकडे आई रात्री झोपताना भिंतीवरचे सगळे स्विच बंद करते. तिच्या दृष्टीने वीज वाचते, पण विजेवर चालणारी झिगबी उपकरणं एकमेकांचे निरोप पुढे नेत असतात, त्यातली चार झोपवली की रिमोटच्या निरोपाला वाट उरत नाही. त्या स्विचवर चिकटपट्टी लावलीय मी. ती दर दिवाळीच्या साफसफाईला निघते.

उष्णता. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात सेट-टॉप बॉक्स, रिसिव्हर, कंट्रोलर एकावर एक आणि बाहेर एप्रिल-मेचे ३९-४० अंश. उदाहरण म्हणून, रास्पबेरी पाय ४ चं तापमान ८० अंशांला पोचलं की तो स्वतःहून वेग कमी करायला लागतो. हिवाळ्यात ठीक आणि उन्हाळ्यात स्लो असं असेल तर कारण हेच. डबे सुटे ठेवा, मागच्या प्लायला भोक पाडा. पायला मोबाइलचा जुना चार्जर लावलाय का तेही बघा, पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतात, कमी मिळाले तर तो वीज कमी पडल्याची नोंद करतो आणि मंदावतो.

सॉफ्टवेअर. इथे डीलरवाल्या सिस्टीमच्या लोकांना फार करता येत नाही, कारण कंट्रोल-फोरचं मुख्य प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर, म्हणजे कंपोजर प्रो, फक्त डीलरकडेच असतं. पण डीलरला नेमकं सांगता येतं: न वापरलेले ड्रायव्हर काढ, चाचणीसाठी वाढवलेली लॉगची (आतल्या नोंदींची) पातळी परत खाली आण, दर सेकंदाला उपकरणाला "आहेस का, आहेस का" विचारणारा ड्रायव्हर असेल तर ती वेळ वाढव, आणि कुठले स्रोत या खोलीत दिसायलाच नकोत ते लपव. बेडरूमच्या मेनूत आम्हाला गेटच्या कॅमेऱ्यापासून टेरेसच्या स्पीकरपर्यंत सगळं दिसत होतं, का तर डिफॉल्ट.

होम असिस्टंटमध्ये नोंदी मुळात १० दिवस ठेवल्या जातात. कोणीतरी "असू दे, कामाला येईल" म्हणून ३६५ केलेलं असतं आणि मेमरी कार्डावर काही जीबीची फाइल फुगलेली असते. परत १० करा, दर सेकंदाला बदलणारे विजेच्या मीटरचे सेन्सर नोंदीतून वगळा. भिंतीवरच्या टॅबलेटच्या पहिल्या पानावर चार कॅमेरे आणि सहा आलेख ठेवू नका, ते दुसऱ्या पानावर टाका. पहिल्या पानावर फक्त बटणं.

तपासा: आता पायरी १ ची चारही मापं परत घ्या. जुन्या आकड्यांशेजारीच लिहा.

## पायरी ४: विकत घेण्याआधी उसना आणा

ही पायरी कोणीच करत नाही. डीलरला सांगा, तुमच्याकडचा डेमोचा डबा त्या एका टीव्हीला दोन दिवस लावून द्या. नाही म्हणाला तर घरातलाच चांगला डबा आणि खराब डबा यांच्या जागा बदलून बघता येतात का ते विचारा. होम असिस्टंटवाल्यांनी जुना लॅपटॉप घ्यावा, त्यावर बॅकअप चढवून एक संध्याकाळ चालवावं, जुना पाय त्यावेळी बंद ठेवून, नाहीतर दोन-दोन सर्व्हर एकाच घराला आज्ञा देत बसतील.

उसन्या डब्यावर पण तेवढाच वेळ लागला तर अभिनंदन, तुमचे पैसे वाचले, पायरी २ ला परत जा.

## पायरी ५: आता ठरवा

माझं मोजमाप असं आहे, तुमचं वेगळं असू शकतं. एक घर खाली जायला ०.३ सेकंदापेक्षा कमी लागत असेल तर अपग्रेड करू नका, तुम्हाला नवीन वस्तूची हौस आहे, ती वेगळी गोष्ट. ०.३ ते १ च्या मध्ये असेल आणि उसन्या डब्यावर निम्म्याहून कमी झालं तर फक्त त्या खोलीतला डबा बदला. सगळ्या खोल्यांत आणि अ‍ॅपमध्येही १ सेकंदाच्या वर, पायरी ३ सगळी करूनही, तर मेन कंट्रोलर बदला, आणि जुना मेन फेकू नका, तो आधीच्या सगळ्यात म्हाताऱ्या डब्याच्या जागी सरकवा. एका खरेदीत दोन खोल्या सुधारतात.

वेग सोडून दुसऱ्या कारणाने बदलावं लागतं तेही खरं. नवीन आवृत्ती जुन्या डब्यावर चालतच नाही, हे कारण पुरेसं आहे. होम असिस्टंटने ३२-बिट सिस्टीमचा आधार २०२५ च्या शेवटी बंद केला, तर ज्यांच्या जुन्या पायवर अजून ३२-बिट चालू आहे त्यांना हलावंच लागणार. पण पाय ३ आणि ४ दोन्ही ६४-बिट चालवू शकतात, म्हणजे तिथेही कधीकधी नवा डबा नाही, नुसतं नवीन इन्स्टॉलेशन पुरतं.

कोटेशन मागताना डबा, प्रोग्रॅमिंगची मजुरी, लायसन्स किंवा वर्गणी आणि १८ टक्के जीएसटी अशा वेगळ्या ओळी मागा. एकरकमी आकडा देणाऱ्याला परत पाठवा. सेकंडहँड डबा स्वस्तात मिळत असेल तर तो आधीच्या मालकाच्या खात्यातून सुटलेला आहे का हे डीलरकडून तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

थांबा: ज्या खोलीत मेनू आठवड्यातून एकदा उघडतो तिथे काहीच करू नका. गेस्टरूमच्या टीव्हीसाठी कोर-१ मागवणारे लोक मी बघितलेत, पाहुणे तिथे मोबाइलच बघतात.

## पायरी ६: बदलायच्या आधीची तयारी

बदल फसतात ते बहुतेक इथेच, डबा बदलताना नाही.

१. बॅकअप घ्या आणि तो कंट्रोलरच्या बाहेर ठेवा. डीलरला म्हणा, प्रोजेक्टची फाइल मलाही मेल कर. त्याने उद्या धंदा बदलला तर तुमच्या घराचा नकाशा तुमच्याकडे हवा. होम असिस्टंटमध्ये २०२५ च्या सुरुवातीपासून बॅकअप मुळात कुलूपबंद असतात आणि त्याची किल्ली वेगळी डाउनलोड करावी लागते. ती किल्ली त्याच मशीनवर ठेवून मशीन पुसलं तर तुमच्याकडे एक सुंदर, न उघडणारी फाइल उरते. किल्ली छापून कपाटात ठेवा, आजोबांच्या एफडीच्या पावत्यांबरोबर.

२. जुन्या डब्याचा आयपी पत्ता लिहून घ्या. नव्या डब्याचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) वेगळा, त्यामुळे राउटरमध्ये राखून ठेवलेला आयपी आपोआप त्याला मिळत नाही, आणि टीव्ही, रिसिव्हर, एसीचा गेटवे सगळे जुन्या पत्त्यावर टपाल टाकत राहतात.

३. झिगबी कोणाच्या पोटात आहे ते विचारा. यूएसबी स्टिकवर असेल तर तीच स्टिक नव्या मशीनला लावून बॅकअप चढवला की जाळं तसंच राहतं. कंट्रोलरच्या आतलं असेल तर डीलरला सरळ विचारा, "स्विच परत जोडायला लागणार का? लागले तर त्याची मजुरी यात धरली आहे का?" पन्नास स्विच खोलीखोलीत जाऊन परत ओळखवायचे म्हणजे अख्खा दिवस जातो, आणि तो दिवस कोणाच्या खर्चाने हे आधी ठरलेलं बरं.

४. टीव्हीमागचा फोटो काढा. प्रत्येक वायरला कागदाची पट्टी लावून नाव लिहा.

५. दिवस निवडा. गुरुवार नको, आपल्याकडे महावितरणची दुरुस्ती आणि पाणीबंदी दोन्ही गुरुवारचीच सवय, आणि अपडेट चालू असताना लाइट गेली तर डबा अर्धवट अवस्थेत अडकतो. डबा आणि राउटर दोन्ही यूपीएसवर घ्या. घरात सणवार, पाहुणे, किंवा भारताची मॅच असेल तो दिवसही नको.

## पायरी ७: बदलायच्या दिवशीचा क्रम

१. सकाळी एकदा शेवटचं मोजून घ्या आणि ताजा बॅकअप काढा.

२. जुना डबा चालू असतानाच नवीन डबा लॅनला लावून त्याचं अपडेट पूर्ण होऊ द्या. हे आधी. बहुतेक जण बॅकअप आधी चढवतात आणि मग अपडेट करतात, त्यात जुनी आवृत्ती आणि नवा प्रोजेक्ट यांचं जमत नाही आणि तीन तास कोणाला काही कळत नाही.

३. जुना डबा नीट बंद करा, वायर उपसू नका. मग राउटरमध्ये जुना आयपी नव्या डब्याच्या नावावर करा, नवा डबा रीस्टार्ट करा आणि पिंगला उत्तर येतंय ते बघा.

४. बॅकअप चढवा. झालं म्हणाल्यावर दहा-पंधरा मिनिटं काहीच करू नका, तो आतून याद्या आणि पोस्टरं परत गोळा करत असतो. या वेळात "नवा पण स्लोच आहे" म्हणून फोन करणारे लोक खूप.

५. आधी दिवे तपासा, मग पंखे-एसी, मग पडदे, मग दाराचं लॉक, आणि सगळ्यात शेवटी टीव्ही. लोक टीव्ही आधी बघतात कारण त्यासाठीच सगळं केलंय, आणि रात्री अकराला कळतं की बाथरूमचा गिझर मेनूत नाहीये.

६. ठरलेल्या वेळांची कामं बघा, सकाळी मोटर, संध्याकाळी पोर्चचा दिवा. नव्या डब्यात टाइमझोन चुकला असेल तर पोर्चचा दिवा भर दुपारी लागतो.

तपासा: इन्स्टॉलर घरातून निघायच्या आधी, त्याच्या समोर, चारही मापं घ्या. तो गेल्यावर नाही.

## पायरी ८: आठवडाभर वापरा, मग जुन्याला सोडा

पहिल्या दिवशी सगळंच पळतं. सातव्या दिवशी परत मोजा, त्याच टीव्हीवर, त्याच यादीत, त्याच रिमोटने. आकडे पहिल्या दिवसाच्या जवळ असतील तर काम झालं. परत मंदावत असतील तर पायरी २ मधला (ई) वाचा, तो ड्रायव्हर तुमच्याबरोबर नव्या घरात राहायला आलाय.

जुना डबा महिनाभर तरी देऊन टाकू नका, पुसूही नका, नाव लिहून खणात ठेवा, फक्त लॅनला लावू नका. आत्याकडे शेवटी डबा बदलावाच लागला, फक्त हॉलमधला, दीड सेकंदाचा अर्धा सेकंद झाला, मेन तसाच आहे. महिन्याने गेलो तेव्हा जुना डबा खणात नव्हता. वॉचमनच्या मुलाला दिला म्हणाली, "त्याला असल्या गोष्टींची आवड आहे रे." त्यात त्यांच्या घराचा पूर्ण प्रोजेक्ट होता, मग मी खाली जाऊन तो मागून आणला, पुसला आणि परत त्याला देऊन आलो.